संगणक सल्लागाराचा छोटा धंदा: जबाबदारी कुठे सुरू होते, कुठे संपते

दहा-पंधरा माणसांच्या कार्यालयात वेगळा संगणक विभाग नसतो. सर्व्हर, वाय-फाय, ईमेल, हिशेबाचं सॉफ्टवेअर, प्रिंटर हे सगळं बाहेरचा एक माणूस सांभाळतो. तो कुणाच्याच पगारावर नसतो. अशी सात-आठ कार्यालयं त्याच्याकडे असतात आणि त्यांच्या बिलांवर त्याचं घर चालतं. असा धंदा एकट्याने किंवा दोघा-तिघांनी चालवायचा तर आतलं गणित कसं असतं, ते इथे सांगतो. नोकरी सोडून यात पडू पाहणाऱ्यांना त्याचा उपयोग होईल, आणि असा माणूस नेमणाऱ्यांनाही.

यात येणारे बहुतेक जण संगणकात हुशार असतात आणि आपण ज्ञान विकतो अशी त्यांची समजूत असते. ज्ञान लागतंच. पण क्लायंट पैसे मोजतो ते ‘आता ही काळजी माझी नाही’ असं त्याला म्हणता यावं म्हणून. तो जबाबदारी विकत घेत असतो. आणि जबाबदारीची हद्द आखली नाही, तर ती न विकताही हातातून जाते. दर ठरवणं, करार लिहिणं, पासवर्ड कुणाच्या ताब्यात ठेवायचे, बॅकअप कुणी तपासायचा, या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी ती हद्दच आहे.

तासाचा दर कुठून येतो

आधी दराचा हिशेब करू, कारण नवा माणूस सगळ्यात जास्त इथेच फसतो.

नोकरीतला पगार ५२ आठवडे, आठवड्याला ४० तास, म्हणजे वर्षाच्या २०८० तासांवर वाटला जातो. सुट्ट्या आणि आजारपणाचे तासही त्यातच येतात, पगार चालूच असतो. स्वतंत्र सल्लागाराच्या सुट्ट्यांचे आणि आजारपणाचे सहा आठवडे काढले तर उरतात ४६. त्या ४६ आठवड्यांतही प्रत्येक तासाचं बिल होत नाही. कोटेशन बनवणं, एका क्लायंटकडून दुसऱ्याकडे जाणं, बिलं पाठवणं, थकलेल्या पैशांसाठी फोन करणं, नवं तंत्र शिकणं, आणि शेवटी न मिळणाऱ्या कामासाठी केलेल्या बैठका, हे सगळं आपल्या खिशातून जातं. आठवड्याला २५ तासांचं बिल झालं तर ते चांगलं चाललं असं समजावं. ४६ गुणिले २५ म्हणजे ११५० तास.

आता २०८० ला ११५० ने भागा. उत्तर १.८ च्या थोडं वर येतं. नोकरीत तासाला १०० पडत असतील, तर वर्षाअखेर तेवढेच हाती यायला स्वतंत्रपणे तासाला १८१ लावावे लागतात. यात लॅपटॉप, सॉफ्टवेअरचे परवाने, विमा, हिशेबनीसाची फी, म्हातारपणाची तजवीज आणि काम नसलेल्या महिन्यांसाठी ठेवायची शिल्लक अजून आलेलीच नाही. ती धरली की आकडा नोकरीच्या दुप्पट-अडीचपट होतो. नवख्याला हा दर सांगताना लाज वाटते, म्हणून तो दीडपट लावतो आणि वर्षभर राबूनही पैसे का उरत नाहीत हे त्याला कळत नाही. हा हिशेब कागदावर मांडून स्वतःला पटवल्याशिवाय पहिलं कोटेशन पाठवू नये, असं माझं ठाम मत आहे.

दर ठरला तरी बिल कसं लावायचं, हे वेगळंच राहतं. तासावर लावलं तर सल्लागार सुरक्षित असतो, पण घड्याळ चालू होईल या भीतीने क्लायंट फोन करायचं टाळतो. लहान बिघाड वेळेवर कळत नाही आणि मोठा झाल्यावर समोर येतो. शिवाय जो जितका तरबेज, त्याचं बिल तितकं छोटं, हा विचित्रपणा आहेच. ठोक रकमेत क्लायंट निर्धास्त असतो, पण अंदाज चुकला तर तोटा सगळा सल्लागाराचा. तिसरा मार्ग दरमहा ठराविक रकमेचा देखभाल करार. छोट्या धंद्याला तो सगळ्यात मानवतो, कारण महिन्याच्या पहिल्या तारखेला किती पैसे येणार हे ठाऊक असतं.

देखभालीचे पैसे कशाला द्यायचे, सगळं तर चालू आहे, असा प्रश्न क्लायंट विचारतोच. त्याला एक खरं उदाहरण सांगता येतं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसने, म्हणजे फाइलींना कुलूप लावून ते उघडायला पैसे मागणाऱ्या प्रोग्रामने, जगभरातले संगणक बंद पाडले. विंडोजमधल्या ज्या भोकातून तो शिरला, ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी १४ मार्चला दिलेलं होतं. हल्ला झाला १२ मे रोजी. मधल्या दोन महिन्यांत ज्यांनी ते अपडेट घातलं, त्यांच्या यंत्रात त्याला त्या भोकातून शिरता आलं नाही. देखभालीचे पैसे त्या दोन महिन्यांतल्या अशा न दिसणाऱ्या कामाचे असतात. म्हणूनच महिनाअखेर काय केलं याचं एक पानी टिपण क्लायंटला पाठवावं: कुठल्या यंत्रांत अपडेट घातली, कुठला बॅकअप तपासला, कुठली डिस्क कुरकुरायला लागली आहे. टिपण गेलं नाही तर सहा महिन्यांनी करार रद्द होतो, आणि क्लायंटची त्यात चूक नसते. काम त्याला दिसलेलंच नसतं.

यंत्रांची यादीही याच कामात येते. कुठल्या सॉफ्टवेअरची मुदत कधी संपते हे कंपन्या आधीच जाहीर करतात. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि ती तारीख कित्येक वर्षं आधी माहीत होती. वर्षाच्या सुरुवातीला अशा तारखा क्लायंटसमोर मांडल्या की खर्च त्याच्या अंगावर एकदम येत नाही.

कागदावर काय लिहायचं

ठोक रकमेच्या कामात भांडण बहुतेक वेळा एका ढिल्या वाक्यातून उगवतं. ‘ईमेल नव्या सेवेवर हलवून देणे’ हे तसं वाक्य आहे. किती खाती? जुनी पत्रं किती वर्षांची? सगळ्यांच्या फोनवरची सेटिंग कोण करणार? सोडून गेलेल्यांच्या खात्यांचं काय? त्याऐवजी ‘१४ खाती, गेल्या ३ वर्षांची पत्रं, कार्यालयातल्या १४ संगणकांवर सेटिंग, फोनवरची सेटिंग या कामात नाही’ असं लिहिलं की दोघांनाही एकच चित्र दिसतं. कामात काय आहे हे सगळेच लिहितात. काय नाही, हे लिहायचं राहून जातं, आणि खरं रक्षण तेच करतं.

काम संपलं हे कशावरून ठरवायचं, तेही आधीच लिहावं. ‘सगळ्या १४ खात्यांवरून पत्र जातं आणि येतं, हे क्लायंटच्या माणसासमोर दाखवलं की काम पूर्ण’ इतकं साधं वाक्य पुरतं. ते नसेल तर ‘अजून एवढं बघा ना’ महिनोन्महिने चालू राहतं आणि शेवटचा हप्ता अडकतो.

मग येतो तो नेहमीचा प्रसंग. आपण सर्व्हरचं काम आटोपून निघतो आणि कुणीतरी म्हणतं, “सर, आलाच आहात तर तो आतल्या खोलीतला प्रिंटर बघता का जरा?” नाही म्हटलं तर माणूस दुखावतो. गुपचूप करून दिलं तर पुढच्या वेळेपासून ते आपलंच काम ठरतं. मला योग्य वाटतं ते उत्तर असं: “हो, बघतो. आजच्या कामात हे धरलेलं नव्हतं, म्हणून बिलात वेगळी ओळ टाकतो.” त्या ओळीची रक्कम शून्य लावायची तर खुशाल लावा, पण ओळ दिसू द्या. आपण दिलेली सवलत समोरच्याला कळते आणि हद्दही पुसली जात नाही.

कोड लिहिणाऱ्या सल्लागारांनी आणखी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. बाहेरच्या स्वतंत्र माणसाने लिहिलेल्या प्रोग्रामचा कॉपीराइट, तसा लेखी करार नसेल तर, अनेक देशांच्या कायद्यांत लिहिणाऱ्याकडेच राहतो. क्लायंटला मात्र वाटत असतं की पैसे दिले म्हणजे सगळं आपलं झालं. दोन्ही बाजू प्रामाणिक असतात आणि तरी वाद कोर्टापर्यंत जातो. पूर्ण पैसे मिळाल्यावर हक्क क्लायंटकडे जातील, आणि सल्लागाराची स्वतःची जुनी, सगळीकडे वापरायची साधनं त्याच्याकडेच राहतील, अशा दोन ओळी करारात असल्या तर हा वाद होत नाही. नुकसान झालं तर भरपाईची कमाल मर्यादा किती, हेही लिहावं. करार एकदा आपल्या भागातल्या वकिलाला दाखवून घ्यावा आणि व्यावसायिक जबाबदारीचा विमा काढावा. एकट्या माणसाच्या धंद्यात एक मोठा दावा सगळं धुऊन नेतो.

किल्ल्या कुणाच्या

या धंद्यातली सगळ्यात नाजूक गोष्ट ही आहे, आणि माझ्या मते सल्लागाराची पारख इथेच होते.

क्लायंटचं डोमेन, म्हणजे त्याच्या वेबसाइटचं आणि ईमेलचं नाव, नोंदवताना सल्लागार सोयीसाठी स्वतःच्या खात्यातून स्वतःच्या नावावर नोंदवतो. होस्टिंग, म्हणजे वेबसाइट ठेवायची भाड्याची जागा, त्याच्याच कार्डावर असतं. राउटरचा पासवर्ड फक्त त्याच्या डोक्यात असतो. हेतू वाईट असेलच असं नाही, गडबडीत तसं होऊन जातं. पण पुढे सल्लागार आजारी पडला, गाव सोडून गेला किंवा क्लायंटशी बिनसलं, की त्या कार्यालयाचा ईमेल, वेबसाइट आणि कधी कधी सगळं नेटवर्क एका माणसाच्या मर्जीवर लटकतं.

काही जण हे मुद्दाम करतात, क्लायंट सुटू नये म्हणून. मला हे चुकीचं वाटतं, निव्वळ नैतिक कारणासाठी नव्हे. ज्याला सोडून जाता येत नाही म्हणून जो थांबलाय, तो दुसऱ्या कुणाला तुमचं नाव सुचवत नाही. आणि हा धंदा चालतो तो अशा सुचवण्यावरच.

म्हणून डोमेनची नोंदणी क्लायंटच्या नावावर, त्याच्याच खात्यात करावी. सल्लागाराला काम करण्यापुरता वेगळा प्रवेश द्यावा, तो हवा तेव्हा काढून घेता आला पाहिजे. नोंदणीत दिलेला ईमेल पत्ता कुठला, हेही पाहावं. डॉट कॉमसारख्या नावांसाठी आयकॅन या, डोमेनच्या नावांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या नियमानुसार नोंदणी कंपनीला मुदत संपण्याआधी साधारण एक महिना आणि एक आठवडा अशा निदान दोन सूचना पाठवाव्या लागतात. त्या जातात नोंदणीतल्या पत्त्यावर. तो पत्ता नोकरी सोडून गेलेल्या कुणाचा असेल तर त्या कुणी वाचत नाही. आणि तो त्याच डोमेनवरचा असेल, तर मुदत संपून ईमेल बंद पडल्यावर पुढच्या सूचनाही पोचत नाहीत. नाव रद्द झाल्यावर ते सोडवून घ्यायला आणखी ३० दिवसांची सवलत असते, पण ती महाग पडते, आणि तेवढे दिवस कार्यालयाचा पत्रव्यवहार ठप्प असतो. एवढं सगळं टाळायला नोंदणीत वेगळ्या सेवेवरचा, दोन माणसं पाहतात असा पत्ता टाकणं पुरतं.

सगळे पासवर्ड, खाती, परवान्यांच्या तारखा आणि नेटवर्कचा नकाशा एका जागी लिहून ठेवावा आणि त्याची प्रत मालकाकडे असावी. पासवर्ड साठवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये क्लायंटची वेगळी तिजोरी करून तिची मुख्य किल्ली मालकाला द्यावी, हे सगळ्यात बरं. दुसऱ्या दिवशी दुसरा सल्लागार आला तरी अर्ध्या दिवसात काम हाती घेऊ शकेल, इतकं ते टिपण नेटकं हवं.

बॅकअप म्हणजे नेमकं काय

बॅकअप आहे का, असं विचारलं तर प्रत्येक क्लायंट हो म्हणतो. म्हणून प्रश्न बदलावा. पहिला प्रश्न: किती तासांचं काम पुसलं गेलं तर तुम्हाला सोसेल? दुसरा: किती वेळ सगळं बंद राहिलं तर चालेल? पहिल्याच्या उत्तरावरून बॅकअप किती वेळाने घ्यायचा ते ठरतं, दुसऱ्यावरून तो कुठे आणि कसा ठेवायचा ते. ‘एक दिवसाचं काम गेलं तर चालेल, पण दुपारपर्यंत सगळं सुरू हवं’ असं मालकाने स्वतःच्या तोंडाने सांगितलं, की खर्चाची चर्चा बरीच सोपी होते.

जुना आणि अजूनही उपयोगी नियम आहे ३-२-१ चा: माहितीच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साठवणुकीवर, आणि त्यातली एक इमारतीबाहेर. एकाच पेटीत दोन डिस्क एकमेकींची नक्कल ठेवत असतील तर तो बॅकअप नव्हे. एक डिस्क मेली तर काम चालू राहतं, एवढाच तिचा फायदा. कुणी चुकून फाइल पुसली तर ती दोन्हीकडून त्याच क्षणी जाते. कायम जोडलेली बाहेरची डिस्कही पुरत नाही, कारण खंडणीखोर व्हायरस तिच्यावरच्या फाइलींनाही कुलूप लावतो.

घेतलेला बॅकअप परत उघडून पाहणं बहुतेक ठिकाणी राहून जातं. मोठ्यांचंही राहतं. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड साठवणाऱ्या कंपनीत एका अभियंत्याने चुकून मुख्य डेटाबेसची फाइलींची जागा पुसली. मग कळलं की रोजचा बॅकअप कधीपासून होतच नव्हता. बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रामची आवृत्ती डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळत नव्हती, म्हणून तो दर वेळी अर्ध्यातच थांबत होता. तसं कळवणारे ईमेलही पाठवले जात होते, पण पाठवणारा खरा आहे का, या तपासणीत अडकून ते नाकारले जात होते. त्यांना शेवटी सहा तासांपूर्वीच्या एका वेगळ्याच प्रतीचा आधार मिळाला, आणि मधल्या सहा तासांतल्या नोंदी गेल्या. कंपनीने हे सगळं स्वतःच उघडपणे लिहून जाहीर केलं, म्हणून इतरांना शिकता आलं. गप्प बसलेला बॅकअप चालू आहे असं धरू नये, हे त्यातून घ्यायचं. दर तिमाहीला एक फोल्डर आणि वर्षातून एकदा सगळा सर्व्हर दुसऱ्या यंत्रावर उभा करून पाहावा. त्याला लागणारे तास करारात आधीच धरलेले असावेत.

जबाबदारीची हद्द इथेही लागते. आपण सुचवलेला बॅकअप क्लायंटने खर्च जास्त म्हणून नाकारला, तर ते लेखी असावं. दोन ओळींचा ईमेल पुरतो: ‘आज आपलं हे बोलणं झालं, इमारतीबाहेरची प्रत सध्या ठेवायची नाही असं तुम्ही ठरवलंत.’ यात धमकी नाही. कधी कधी तो ईमेल वाचूनच मालक निर्णय बदलतो.

आपणच दार असतो

सात-आठ कार्यालयांत शिरण्याचे पासवर्ड ज्याच्या लॅपटॉपवर आहेत, तो लॅपटॉप चोरासाठी सात-आठ कार्यालयांचं दार आहे. २ जुलै २०२१ ला हेच मोठ्या प्रमाणात घडलं. कासेया कंपनीचं सॉफ्टवेअर वापरून सल्लागार कंपन्या क्लायंटचे संगणक दुरून सांभाळत. त्यातल्या दोषाचा फायदा घेऊन रेव्हिल टोळीने खंडणीखोर व्हायरस सोडला. कासेयाच्या सांगण्यानुसार तिच्या थेट ग्राहकांपैकी ६० हून कमी जणांना झळ बसली, पण त्यांच्यामार्फत १५०० पर्यंत व्यवसाय त्यात सापडले. स्वीडनमधल्या कूप या दुकानसाखळीला शेकडो दुकानं बंद ठेवावी लागली, कारण त्यांच्या गल्ल्याची यंत्रं सांभाळणाऱ्या पुरवठादाराला फटका बसला होता. दुकानदाराने काहीच चुकीचं केलं नव्हतं.

एकट्या सल्लागाराला करता येण्यासारखं बरंच आहे. प्रत्येक क्लायंटसाठी वेगळा पासवर्ड, सगळीकडे दुहेरी ओळख (पासवर्डशिवाय फोनवरच्या कोडसारखा दुसरा पुरावा), लॅपटॉपची डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता न येणारी, रोजच्या कामाला सगळे अधिकार असलेलं अॅडमिन खातं नाही, आणि दुरून शिरायचं साधन फक्त काम असतानाच चालू. यातलं कुठलंच महाग नाही. क्लायंटला उपदेश करण्याआधी हे आपल्या घरी झालेलं हवं.

पैसे, क्लायंट आणि आपण नसलो तर

वसुलीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. नव्या क्लायंटकडून काम सुरू करण्याआधी तिसरा हिस्सा ते निम्मी रक्कम घ्यावी, मोठं काम टप्प्यांत तोडून टप्प्यागणिक बिल लावावं, बिल काम झाल्याच्या दिवशीच पाठवावं. मुदत उलटली की दुसऱ्या दिवशी साधा फोन करावा. पुष्कळदा बिल कुणाच्या तरी टेबलावर पडून राहिलेलं असतं, एवढंच.

एका क्लायंटकडून निम्म्याहून जास्त उत्पन्न येत असेल तर ती नोकरीच आहे, फक्त नोकरीचं संरक्षण नसलेली. तो क्लायंट चांगला असेल तर त्याला सोडायचं कारण नाही, पण दरमहा थोडा वेळ दुसरीकडे घालायलाच हवा. काही कामं नाकारावीही लागतात. जो आधीच्या तिन्ही सल्लागारांना नावं ठेवतो त्याचं, किंवा परवाना नसलेलं सॉफ्टवेअर बसवून मागणाऱ्याचं. आपल्याला न येणारं काम ‘जमतं’ असं सांगून घेऊ नये. ते येणाऱ्या माणसाकडे पाठवावं, तोही पुढे आपल्याकडे काम पाठवतो.

अशा माणसाचा दुसराही उपयोग आहे. एकट्याच्या धंद्याबद्दल जाणता क्लायंट हमखास विचारतो, “उद्या तुम्ही आजारी पडलात तर?” त्याला तोंडी दिलासा देऊन भागत नाही. तोडीच्या दुसऱ्या सल्लागाराशी आधीच ठरवून घ्यावं: मी दोन आठवडे नसेन तर माझी कार्यालयं तू पाहायची, तुझी मी, दर हा, आणि एकमेकांचे क्लायंट ओढायचे नाहीत. त्या माणसाचं नाव क्लायंटला कळवावं, वर्षातून एकदा त्याला प्रत्येक कार्यालयात घेऊन जावं, आणि टिपणावरून तो एक लहानसं काम एकट्याने करू शकतो का ते तिथेच करून पाहावं. जिथे तो अडेल, तिथे टिपणात भर घालायची.